टाळ्यांमधला ठेका

३० जानेवारी, मंगळवार. धारगळ.
इतके दिवस लिहिले नाही, माफी असावी. लिहायचीच भीती वाटत होती. बाबलदादाचे कार्य अमावास्येला ठरले. आमोण्याहून नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जीवर कामाला गेला. बार्ज परत आली, तो नाही. बारा वर्षे झाली. मूलबाळ नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा धाकट्या भावाने, म्हणजे मीच जाळायचा. वहिनी म्हणाली, "भावजी, त्यांका आणा, नाय तर माका सोडवा."

१ फेब्रु., गुरुवार.
सून शर्मिला घरीच बसून गावच्या नाटकांच्या रेकॉर्डिंगला आवाज लावते. प्रेक्षक कमी असले की मागे मंद टाळ्या घालते. दुपारी चहा घेताना ऐकल्या. त्यात एक जोडी हात भजनाच्या ठेक्यात. दादाला साध्या टाळ्या कधी जमल्याच नाहीत. शाळेचे बक्षीस असो, कुणाचा सत्कार असो, हा ठेका धरायचा. लोक विचारायचे, "बाबल, आरती केन्ना?" आरती कधी, म्हणून.
चहा तसाच राहिला.

२, शुक्रवार.
शर्मिलाला विचारले, कुठल्या सभेतल्या टाळ्या? तिथे दादा बसला असेल तर तो आहे. आणि असलेल्या माणसाचा पुतळा... नको.
ती हसली. "सभा खंयची, बाबा? माझेच हात. हळू वाजवले आणि एकावर एक चढवले."
तिला भजन येत नाही.

४, रविवार.
तिने माझ्यासमोर नव्याने टाळ्या मशीनवर भरल्या. मी तिच्या हातांकडेच बघत होतो. कशाही वाजवत होती. मग लावून ऐकवल्या. ठेका होता. तिलाही ऐकू आला. या वेळी हसली नाही. मशीन बंद करून हात ओढणीला पुसत राहिली.

७, बुधवार.
वहिनी शिरगावला राहते; तिथे जाऊन तिला सगळे सांगितले. रडेल वाटले होते. तांदूळ निवडता निवडता एवढेच विचारले, "लागी आसत की पयस?"
जवळ की लांब. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत वाटले होते. रविवारी अगदी पुढे. तिला सांगितले नाही. कार्य थांबवू का विचारले, तर म्हणाली, "तुमचो भाव. तुमीच ठरवा."

८, गुरुवार.
दर्भ आणून ओसरीवर ठेवलाय. शर्मिला टाळ्या पुसून टाकल्या म्हणते. तरी जेवताना तिचे बोट ताटावर चालले होते. त्याच ठेक्यात. तिला कळतही नव्हते.
दादा, तू कार्य मागतोस की थांबवतोस? मला कळत नाही रे. जिवंत असशील तर एकदा ठेका चुकव. उद्या अमावास्या. सकाळी भटजी येतील. त्याआधी कळव.