आष्टीच्या आभाळातलं भोक

सर, आष्टीत आपण एका भोकाला आठ दिवस पाहुण्यासारखं मिरवलं, आणि ते भोक नव्हतंच, हे आठवलं की मला अजून एकटीला हसू फुटतं. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाची आहे, जालन्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि तुमच्यासारखीच शिकवताना खडू चुरडते.

मी नववीत होते. तुम्ही पेपरातलं एक कात्रण घेऊन वर्गात आलात. शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेलं, इतक्यांदा उघडलेलं की घडीवर फाटायला आलं होतं. एक प्रचंड तारा आपल्याच वजनानं आत आत कोसळत जातो, इतका की त्याच्यातून उजेडसुद्धा बाहेर पडू शकत नाही, हे तुम्ही एखाद्या घरच्या लग्नाची बातमी द्यावी तसं सांगितलंत. खडू हातात, पण फळ्यावर काही काढत नव्हतात. "काळ्या फळ्यावर काळं कसं काढू?" म्हणालात. असं एक कृष्णविवर हंस नावाच्या तारकासमूहात आहे, असं त्या कात्रणात होतं. तेवढ्या भांडवलावर तुम्ही शनिवारी संध्याकाळी आम्हाला शाळेच्या मैदानावर बोलावलं. कोजागिरी होऊन चार दिवस झालेले, चंद्र उशिरा उगवणार, लाईट नेहमीसारखी गेलेली, आणि डोक्यावर आकाशगंगा. तुम्ही हंसाची शेपटी दाखवली, पंख दाखवले, आणि मग आकाशगंगेला मधोमध चिरत गेलेली काळी पट्टी. "ते बघा. तिथं उजेड गिळला जातोय." आम्ही सगळे एका सुरात "दिसलं सर!" म्हणून ओरडलो. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुढे दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली, तेव्हासुद्धा तसा आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिवस बुडाला की अर्धं गाव मैदानावर. बाया लेकरांना कडेवर घेऊन यायच्या आणि "कुठंय गं ते भोक?" म्हणून आम्हा मुलींना विचारायच्या, आणि आम्ही नाक वर करून दाखवायचो. तुम्ही रोज नवा शर्ट घालून हजर. हेडमास्तरांनी तर तालुक्याच्या शिक्षणखात्यातल्या साहेबांना पुढच्या शनिवारचं आमंत्रणच धाडलं. शाळेचं नाव होणार होतं, त्याच्या आधी तुमचं होणार होतं. आणि गुरुवारी तुमच्या तासाला मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, ते उजेड गिळतंय, तर त्याच्या कडेच्या चांदण्या अजून तिथंच कशा?" तुमचे कान लाल झाले. "आगाऊपणा करू नको. खाली बस." मी बसले, आणि मधल्या सुट्टीत नळापाशी जाऊन रडले.

शुक्रवारी तुम्ही आला नाहीत. तापातही रजा न टाकणारा माणूस! नंतर कळलं, पहिल्या गाडीनं जालना गाठून तुम्ही कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या दारात जाऊन बसला होता. शनिवारी दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत वह्या ठेवायला आले, तेव्हा हेडमास्तर तुमच्यापुढे हात जोडून उभे होते. "साहेब येऊन जाऊ द्या, मंग सोमवारी काय सांगायचं ते सांगा. आज बिलकुल तोंड उघडू नका." तुम्ही विचारलंत, "साहेबांना चुकीचं दाखवू?" तर ते म्हणाले, "त्यांला काय कळतंय त्यातलं!" तुम्ही मान खाली घालून बाहेर पडलात. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी साहेब खुर्चीत, सारं गाव जमिनीवर, आणि तुम्ही प्रयोगशाळेतल्या स्टुलावर. कंदिलाच्या उजेडात तुमचे पाय थरथरताना मला दिसत होते. "मी तुम्हाला आठ दिवस चुकीचं दाखवलं," तुम्ही म्हणालात. "ते कृष्णविवर नाही. ती धूळ आहे. मागच्या चांदण्या तिनं झाकल्यात, एवढंच." मग मागून एका बाईचा आवाज आला, "धूळच व्हय! मंग इथवर कशाला यायचं, आमच्या घरात लई हाय!" लोक हसले, आणि सर, सगळ्यात आधी तुम्ही हसलात. पाय थरथरायचे थांबले. तुम्ही सांगू लागलात की खरं विवर हंसाच्या मानेत आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीलाही दिसत नाही. पुढच्या रांगेत माझे दादा, म्हणजे वडील, मांडी घालून बसले होते. लहानपणापासून मेंढरं राखलेले, आता दोन एकर कसणारे. त्यांनी विचारलं, "मंग हाय कशावरून?" तुम्ही म्हणालात, एक मोठा तारा कशाभोवती तरी गरगर फिरतोय, आणि मधे तर काहीच दिसत नाही. दादा म्हणाले, "म्हंजी खळ्यातल्या मेढीच्या खांबावानी. दिवस बुडल्यावर लांबून मेढ दिसत न्हाई, पर बैल गोल फिरून राह्यला म्हणल्यावर मधी मेढ असणारच की." तुम्ही स्टुलावरून उडीच मारलीत. "बराबर! बिलकुल बराबर!"

मग काय विचारता! जवळ गेलं तर सुटका नाही, पण लांब असलेल्याला ते काही करत नाही, म्हणून चांदण्या आपल्या जागी राहतात, असं तुम्ही सांगितलंत, तर दादा म्हणाले, "हेडमास्तरांवानी." हेडमास्तरांनी साहेबांकडे पाहिलं, साहेब पोट धरून हसत होते, म्हणून तेही हसले. त्यात पडणारा माणूस लांबून बघणाऱ्याला पडताना दिसतच राहतो, पोचलेला कधी दिसत नाही, तिथं वेळच मंदावतो, हे ऐकून बाया "अगं बया" म्हणत एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी साहेबांनीच विचारलं, आत काय असतं? "माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "मला नाही, प्राध्यापकांना नाही, कुणालाच नाही." इतक्या आनंदानं "माहीत नाही" म्हणणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. आठ दिवस आम्ही नसलेलं पाहत होतो. त्या संध्याकाळी सारं गाव माना मोडेस्तोवर असलेल्याकडे पाहत राहिलं आणि कुणाला काही दिसलं नाही, आणि घरी जायला कुणी उठेना.

तेव्हा तुम्ही मला पुढं बोलावलंत. "हिनं विचारलं म्हणून मला माझी चूक कळली. मी हिला गप्प बसवलं होतं. बराबर ती होती." टाळ्या पडल्या, आणि तुम्ही ते कात्रण माझ्या हातात दिलंत. सर, इथं मला थांबावं लागतंय. पहिल्या शनिवारी अंधार म्हणून दादा मला न्यायला आले होते, आणि वाटेत म्हणाले होते, "मेंढरामागं हिंडताना ल्हानपणापासून बघतो मी ती पट्टी. एवढी वर्सं उजेड गिळून राह्यली, अन् कडची एक बी चांदणी कमी न्हाई? इचार की सरांला." धीर करायला मला गुरुवार उजाडला, एवढंच माझं कर्तृत्व. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी दादांकडे पाहिलं. ते हात डोक्याच्या वर नेऊन सगळ्यांपेक्षा जोरात वाजवत होते. घरी आल्यावर त्यांनी ते कात्रण माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं, आणि प्रश्नाबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढे माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही सोयऱ्यांना सांगत होता, "ही माझी मास्तरीण." दादा शेजारी उभे राहून मान डोलवत होते. आता ते नाहीत, तुम्ही नाही, आणि हे पत्र माझ्या वहीतच राहणार. सगळ्या गावापुढं स्टुलावर चढून "मी चुकलो" कसं म्हणायचं ते तुम्ही दाखवलंत, त्याच मैदानावर, माझ्यापासून दहा पावलांवर. परवा नववीच्या मुलींना मी ही सगळी गोष्ट रंगवून सांगितली, तुमच्या थरथरत्या पायांसकट. "मॅडम, एवढा भारी प्रश्न तुम्हाला सुचला कसा?" एकीनं विचारलं. मी नुसती हसले, आणि त्यांनी वाजवलेल्या टाळ्या घेतल्या.