जाड पूल

४ जानेवारी २०२६, रविवार

टेबल गेलं!

आई, म्हणजे रुचिराच्या आई, माझ्या सासूबाई, काल माहुलच्या कोळीवाड्यातून आल्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, दुसरा येत्या बुधवारी. पाच आठवडे मुक्काम. जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू त्यांनी आल्या आल्या ताब्यात घेतली. थेंबांच्या बाटल्या, काळा चष्मा, रेडिओ, सुपारीचा डबा. माझा पुठ्ठा, कात्री, डिंक, पट्टी — सगळं कपाटावर चढलं.

मी तोंड वाकडं केलं असणार. रुचिरा म्हणाली, "सांगू का आईला, जावयाच्या खेळाची अडचण होतेय म्हणून?" असं विचारल्यावर कोणाची हिंमत आहे हो म्हणायची!

५ जानेवारी

काम कुठवर आलंय ते लिहून ठेवतो. नंतर माझं मलाच कळणार नाही.

मूळ खेळ परदेशी. कापडी पिशवीत पुठ्ठ्याच्या चौकोनी फरशा. न बघता एक काढायची आणि टेबलावरच्या फरशांना जोडून लावायची — रस्त्याला रस्ता, शेताला शेत. मग तिच्यावर आपला लाकडी माणूस उभा करायचा आणि गुण मिळवायचे. चित्रं सगळी तिकडची. तटबंदीची गावं, मठ, हिरवी कुरणं. सुशांत, कॉलेजपासूनचा दोस्त, खेळायला दर रविवारी बोरिवलीहून मुलुंडला येतो (यावरून काय ते समजावं), तो दिवाळीत म्हणाला, "यार, किती मठ बांधायचे? आपलं काहीच नाही यात!"

तेव्हापासून डोक्यात भुंगा. आपल्या उपनगरांच्या चोवीस जादा फरशा! मिठागर, चाळ, टॉवर, टेकडी, कोळ्यांचा धक्का. मधून खाडी. खाडीवर पूल — एकच. दोन पूल एका वेळी चालू असलेले मी तरी पाहिलेले नाहीत.

ऑफिसात दिवसभर गटारांची ड्रॉइंगं काढतो. आज त्याच फाईलच्या कोपऱ्यात खाडी काढली. साहेब मागून बघून म्हणाले, "उतार कमी पडतोय." बरं साहेब!

९ जानेवारी

घाटकोपरहून स्टिकर छापून आणले. दोन तास कापाकापी आणि चिकटवाचिकटवी. झकास!

नंतर बघतो तर वाट लागलेली. पूल अलीकडून चढतो आणि पलीकडे उतरतच नाही. तिकडच्या कडेला रस्ता काढायलाच विसरलो. रोज असले अर्धवट पूल बघायचे, दुसरं काय होणार. पुन्हा घाटकोपरला जायचा कंटाळा. घरीच साध्या कागदावर नवं चित्र छापलं, वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि जुन्या फरशीवर बसवलं. छान दिसतंय. कोणाला कळणार नाही.

११ जानेवारी, रविवार

पहिला खेळ. सुशांत चारला हजर. आई टेबलावरून उठेनात. मी घसा खाकरला, तर म्हणाल्या, "मला पण दे चार मानसं." काळा चष्मा लावून! रुचिराने मला टेबलाखालून लाथ घातली. दिली माणसं.

आई प्रत्येक फरशी नाकाला लावून बघत होत्या. खाडीच्या फरशीवर थांबल्या.

"यात पानी कवा असतं?"

"पाणी... असतंच की आई."

"असतंच? मुकुल, खाडीचा चिखल तू कधी बगलाच नाय काय?"

मग अर्धा तास खेळ बंद आणि शिकवणी चालू. भरती रोज वेगळ्या वेळी येते. ती काढायची कशी? भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. आज अष्टमी — "आठ पाऊण सहा. सहाला पानी भरलं." सुशांतने मोबाईलवर ताडून पाहिलं. थोड्या मिनिटांचा फरक! आम्ही दोघं इंजिनियर, आम्हाला पाऊणकी येत नाही. आई सातवी पास, त्यांना येते.

तर नवा नियम झाला. खेळाच्या दिवशी खरी तिथी बघायची. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास खाडी भरलेली. तेव्हा पलीकडे माणूस न्यायला पूलच हवा. ओहोटी असली तर चिखलातून चालत जा. आईंना उधाणाचा (मोठी भरती) आणि भांगाचाही (लहान भरती) नियम हवा होता. मी हात जोडले.

चारला सुरुवात, सहाला पाणी, म्हणजे भरती. तिसऱ्याच खेपेला आईंच्या हाती पूल लागला. दोन्ही काठ त्यांचे. मी शेवटचा.

१४ जानेवारी

संक्रांत. आई तिळगूळ देताना म्हणाल्या, "गोड बोल, आनि धक्क्याची फरशी सुदार." का, तर धक्क्यावर होड्या उलट्या तोंडाच्या बांधल्यात म्हणे. आता होडीला तोंड कुठलं आणि पाठ कुठली, मला काय माहीत!

१८ जानेवारी, रविवार

अमावस्या. पंधरा पाऊण सव्वाअकरा. चारला ओहोटी, म्हणजे पुलाला आज किंमत नाही. तरी पूल आईंनाच आला! लावला ऐटीत. वर जिंकल्याही.

सुशांत म्हणाला, "आई, सेटिंग आहे का काय?" आई म्हणाल्या, "नशीब लागतं बाबा." आणि सुपारी तोंडात टाकली.

२१ जानेवारी

आज रुचिराने स्वयंपाकघरात गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "मुकुल, आईला परत पाठवायचं नाही."

रुचिराचे बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. माहुलच्या घरी आई एकट्या. दिवाळीआधी नीट दिसेना म्हणून पायरीवरून घसरल्या, मनगट सुजलं, तरी आठ दिवस आम्हाला पत्ता लागू दिला नाही. रुचिराने किती वेळा सांगून पाहिलं. ऐकत नाहीत. "तुझं ऐकेल ती. तुझ्या त्या फरशांत रमलीय. काहीही कर, पण आठ फेब्रुवारीला ती जाता कामा नये."

म्हणजे अडीच आठवड्यांपूर्वी मला टेबल परत हवं होतं, आणि आता टेबल अडवणाऱ्या बाईंनाच अडवायचं काम माझ्याकडे!

खरं सांगायचं तर मलाही त्या जायला नकोत. इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. सात पाऊण सव्वापाच. (येतंय मला आता!) भरती. पूल पुन्हा आईंना. तीन रविवार, तीन वेळा. चौघे खेळतोय, म्हणजे चौसष्टात एकदा व्हायची गोष्ट. नशीब म्हणे!

२६ जानेवारी

सुट्टी. आई अंघोळीला गेल्यावर पिशवी घेतली, डोळे मिटले, हात घातला. चाचपलं. मिनिटभर काही कळेना. मग एक फरशी इतरांपेक्षा केसभर जाड लागली. बाहेर काढली — पूल! वहीचा पुठ्ठा! माझंच पाप!

आई आल्या तशी फरशी समोर ठेवली. "हा हाताला लागतो ना तुम्हाला?"

चष्मा काढून आधी खूप हसल्या. "पयल्याच दिवशी लागला. बोंबील किती सुकला ते मी न बगता सांगते, तुजा पुठ्ठा मना नाय कलनार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस?"

"आई, ही चीटिंग झाली!"

"डोल्यानी बगायचं नाय असा नियम हाय. बोटानी नाय, असं कुटं लिवलंय?"

नियमांची पुस्तिका काढून आख्खी वाचली. कुठेच नाही!

२८ जानेवारी

पातळ पूल करायला घेतला आणि ठेवून दिला. नाही करत. रविवारी पूल काढताना त्यांचा चेहरा बघायचा असतो. सुशांतला काही सांगितलेलं नाही. बोंबलू दे.

धक्क्याची फरशी मात्र तिसऱ्यांदा काढली. आई शेजारी बसून सांगत होत्या. होड्या अशा. जाळी इथे वाळत. मागे रिफायनरीच्या चिमण्या, त्या पण काढ, खोटं कशाला. आणि कडेला निळ्या दाराचं घर, दार खाडीकडे. घर झाल्यावर बराच वेळ बघत होत्या. दुसऱ्या डोळ्यानेही आता छान दिसतं त्यांना. मला वाटलं, घर इथे टेबलावर आलं की तिथली ओढ कमी होईल. रुचिरालाही तसंच वाटलं. ती खूष!

१ फेब्रुवारी, रविवार

पौर्णिमा, ओहोटी. पूल आईंना. सुशांतने पिशवी उलटी करून झटकली, आतलं अस्तर तपासलं, आईंच्या बाह्यांकडे बघितलं. मी छताकडे बघत बसलो.

६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे उत्तम. घरी येताच आईंनी बॅग काढली.

७ फेब्रुवारी

बोललो शेवटी. आठवडाभर जुळवलेली वाक्यं ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. "आई, राहा ना. फरशा अजून बऱ्याच व्हायच्यात." एवढंच!

त्या लुगडं घडी करत होत्या. म्हणाल्या, "मुकुल, घर बंद ठेवलं का घराला वास मारतो." आणि मग, "तुमचं टेबल तुम्हाला लखलाभ. मी लय अडवलं."

मी म्हटलं, "टेबलाचं काय घेऊन बसलात!" आवाज जरा जास्तच चढला. रुचिरा रडली. आईंनी घडी मोडली, पुन्हा घातली. राहते असं काही म्हणाल्या नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

सोडून आलो. निळं दार उघडलं तेव्हा खरंच वास मारत होता. आईंनी खिडक्या उघडल्या, पदर खोचला, झाडू घेतला आणि आम्हाला म्हणाल्या, "जावा आता, पायात येऊ नका."

परतीच्या टॅक्सीत रुचिरा मागच्या काचेतून बघत बसली. मला एक काम सांगितलं होतं तिने, तेही झालं नाही. सुशांतला कळवलं, आज खेळ नाही.

११ फेब्रुवारी

टेबल मोकळं आहे. चार दिवसांत एक रेघ काढलेली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुशांतने खेचूनच बसवलं. रुचिरा पण बसली. तेरस, चारला ओहोटी. तिघांचा खेळ. कोणी भांडेना. सुशांत म्हणाला, "चला, आज तरी पूल मला येणार!"

नाही आला. कोणालाच नाही. पिशवी रिकामी झाली तरी पूल नाही. मोजल्या. जादा फरशा तेवीस! सोफ्याखाली, फ्रिजमागे, पायपुसण्याखाली शोधलं. सुशांतच्या बॅगेत शोधलं तेव्हा तो चिडला. मग त्याला वहीच्या पुठ्ठ्याची सगळी गोष्ट सांगितली, तर आणखी चिडला!

१६ फेब्रुवारी

केरवाल्यालाही विचारलं. नाही.

१९ फेब्रुवारी

आईंचा फोन. माझ्या मोबाईलवर, रुचिराच्या नाही.

"मुकुल, कॅलेंडर बगितलंस? रविवारी पंचमी. पाच पाऊण पावनेचार. चारला खाडी भरलेली. पुलाबिगर काय खेळशील?"

"आई! पूल तुमच्याकडे आहे?"

"मग काय! निगताना पिशवीत हात घातला, पयल्या झटक्यात गावला. आता बाकीच्या फरशा तू घेऊन ये. सुशांतला पन आन. रुचीला सांग, रविवारी रातच्याला इथंच ऱ्हायचं. आनि उशीर करू नको, शेजारच्या चौघी जनी दहा दिवस झाले, शिकायला बसल्यात. मी एकटी कुटं पुरनार?"

मागे बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. कोणीतरी ओरडून आईंना विचारत होतं, "पिशवी कवा येतेय गो कुंदा?"

ठेवता ठेवता म्हणाल्या, "आनि नवीन पूल करू नको हां. हाच जाड बरा."