मधला हिरवा तुकडा

पुंडलिकनगर. मंगळवार, संध्याकाळ

वैताग आलाय नुसता. माझ्या नातीसाठी गोधडी शिवायची म्हणून पुष्पा आणि शारदा, माझ्या दोघी मैत्रिणी, रोज दुपारी आमच्या गच्चीवर येतात. पण महिना झाला, एकमेकींशी अबोला! शारदानं पुष्पाची चांगली हिरवी साडी चिंधी समजून कापली. चूक कबूल करायचं नाव नाय. पुष्पानंही हट्टानं त्याच साडीचा तुकडा गोधडीच्या मधोमध लावायला लावला.

आणि मी निरोप पोचवायला! "तिला म्हणावं, दोरा दे." "तिला म्हणावं, हाताशीच पडलाय, घे." एकाच सतरंजीवर बसून!

गोधडी आम्ही कडेकडून आत शिवत आणली. आज तिघी त्या हिरव्या तुकड्यापाशी आलो, गुडघ्याला गुडघा लागला. आता तरी बोलतील?

शारदा बोलली. थेट पुष्पाकडं बघून. "हिचे टाके बघितले का गं? केवढाले लांब!"

"कधीची बघायले मी," पुष्पा म्हणाली. "उसव ते. आपण दोघी घालू."

माझे टाके! माझ्याच गच्चीवर, माझाच चहा पिऊन! हिरव्या तुकड्यावरचे सगळे उसवले, खिदळत.

राग लई आलाय. उद्या याहून लांब घालते.