टाचेतला खिळा

९ मार्च

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. पाय सोडला तर तुझंही ठीकच असणार.

वहिनी दुकानात आली होती. तुझ्या उजव्या पायाचं ते वेडंवाकडं जुळलेलं हाड हल्ली कुठल्याच तयार बुटात मावत नाही म्हणे. "भाऊजी, लेकीच्या लग्नात अनवाणी उभे राहतील हो. त्यांच्या पायाचा साचा तुमच्याकडेच आहे, तेवढं मनावर घ्या." बाबांनी घडवलेला तो लाकडी साचा वाटणीच्या वेळी तूच अडगळ म्हणून माझ्या अंगावर टाकला होतास.

मनावर घेतलं. चांगलंच घेतलं.

बाबा गेल्यावर भरल्या दुकानात तू म्हणालास, "याला कुठली शिलाई जमते? हा नुसती भोकं पाडतो." गिऱ्हाइकं हसली. तेव्हापासून शिवायला बसलो की तुझं तोंड समोर यायचं. दात-ओठ खाऊन टाके आवळायचो आणि कातडं फाटायचं.

म्हणून ठरवलं, बूट असा करायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि टाचेत एका खिळ्याचं टोक राखून ठेवायचं. घालताना कळू नये, चालून तळ दबला की टोचावं. पाहुण्यांपुढे तू हसत उभा आणि मोजा रक्ताने ओला, एवढंच मला हवं होतं.

कामाला बसलो. तुझ्या हाडाच्या उंचवट्यावर कातडं बसेना. भिजवलं, ओढलं, सोडलं, परत ओढलं. बसलं तेव्हा जेवायचं राहून गेल्याचं कळलं. मग शिलाई, मग टाच. शेवटी आत बोटं फिरवली तर सगळं गुळगुळीत. खिळ्याचं टोक मीच कानशीने घासून टाकलं होतं, प्रत्येक बुटात घासतो तसं. हाताने मला विचारलंसुद्धा नाही.

चडफडलो. दुसरा खिळा घेऊन हातोडी उचलली, पण ठोकवेना. तुझी दया आली असं समजू नकोस. बूट चांगला झाला होता, तो नासवायची छाती होईना. तेव्हा लक्षात आलं, शिवताना तुझं तोंड एकदाही समोर आलं नव्हतं. टाके बघ, एकही आवळलेला नाही.

बूट वहिनीकडे दिले आहेत. निर्धास्त घाल. कसे झाले ते कळवू नकोस, पत्र फोडणार नाही. साचाही परत मिळणार नाही. हे झिजले की माझ्याच दुकानाची पायरी चढावी लागेल. चढ. मी कामात असेन, मान वर करीनच असं नाही.

ज्याला तुझ्या शब्दाची गरज उरली नाही, आणि ज्याच्या बुटावाचून तुझं पाऊल पुढे पडणार नाही, असा
तुझा धाकटा