केक कापलेल्या कोयत्याबाबत

तर आबा, परवा फोनवर तुमी परत तेच म्हणालात, "दोघांनी केलं, दोघांनी भोगा." दोघांनी केलंच न्हाय. तोंडी सांगून तुमी ऐकत न्हाय, म्हणून आता लेखी.

मी अविराज महिपती खलाटे, वय २४, राहणार काटेवाडी, आठवी नापास, सध्या राजस्थानात विजेच्या टॉवरवर तारा ओढायच्या कामाला. डोकं ठिकाणावर हाय, पिलेलो न्हाय, कुणाची बळजबरी न्हाय. इथं माणसं पडतात, म्हणून मुकादमानं सगळ्यांना आपल्यामागं कुणाला काय ते लिहून ठेवायला सांगितलंय.

१) माझ्या वाढदिवसाला चौकात मोटारसायकलच्या सीटवर ठेवलेला केक आईच्या कोयत्यानं मीच कापला. स्टेटस बी मीच टाकलं. धाकट्या संदेशनं फक्त खोका धरलेला. हवालदारांनी चौकीत पट्टीनं पातं मोजलं, नऊ इंचाच्या वर भरलं, म्हणजे बिनलायसनचं हत्यार. मी म्हणालो, "साहेब, उसाचा कोयता हाय. शेतीच्या अवजाराला लायसन लागत न्हाय."
"मग केक कुठल्या गटात लावला होतास?"
सगळे हसले, मी बी. तेवढ्यात कागदावर दोघांची नावं गेली. मी गप बसलो. वाटलं, शिक्षा दोघांत वाटून निम्मी होईल. अक्कल तेवढीच.

२) संदेश पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही पास झालाय. चारित्र्य पडताळणीत ही केस आडवी येणार. २४ तारखेला बारामती कोर्टात येऊन मी वरचं सगळं सांगणार हाय. त्याआधी पडलो, तर वकिलांनी हा कागद दाखवावा.

३) मोटारसायकल संदेशला. दुसरा गिअर अडकतो, दामटू नये.

४) कोयता चौकीत जमा हाय. सुटला तर आईचा, म्हणजे ठमाबाईंचा. दुसऱ्या कोयत्यानं वैरण कापली की तिचं मनगट दुखतं.

५) मोबाईल बहीण अनिताला, स्टेटस पुसून.

६) मित्र विजयसिंह सगळ्यांत जास्त केक खाऊन पोलिसांची गाडी दिसताच पळाला. त्याला काही न्हाय.

साक्षीदार: झुंबर मुकादम (सही). गेणू, माझ्यासंगं वर चढणारा (अंगठा).
लिहून देणार: अविराज म. खलाटे
जैसलमेरजवळ, ३ फेब्रुवारी २०२५

वकिलाच्या फीसाठी आख्खा पगार पाठवतोय. त्यातून माझं यायचं तिकीट तेवढं काढलंय, परतीचं न्हाय. पाठवले रुपये सतरा हजार सहाशे.