वरच्या मजल्यावरची मुलं

३ सप्टेंबर, मंगळवार
मोजणीचा दिवस. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांतली मुलं आज एकाच दिवशी मोजायची. हजेरीपट बघायचा नाही, कारण हजेरीपटात दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेली मुलंही रोज हजर असतात. वर्गात जायचं, डोकी मोजायची, फॉर्मवर आकडा लिहायचा, खाली मुख्याध्यापकांची सही. माझ्या वाट्याला सात शाळा. २७ नंबरची मी मुद्दाम मागून घेतली. आमची ताई तिथे मुख्याध्यापिका आहे. निदान चहा तरी बरा मिळतो.

२७ ला पोचलो तेव्हा साडेबारा. खालचे तीन वर्ग मोजले. सत्तावन्न. वर आणखी दोन वर्ग. बावीस पायऱ्या. गुडघा कुरकुरत होता. ताईची वेगळीच धावपळ, नळ फुटलेला. तिने कोऱ्या फॉर्मवर सही ठोकली आणि म्हणाली, आकडा तू भर, तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा. वरच्या वर्गांचं संध्याकाळी फोनवर विचारून घेईन. तोवर फॉर्मवर ५७ लिहिलंय. पेन्सिलने. माझ्यासारखा व्यवस्थित माणूस या ऑफिसात दुसरा नाही.

रात्री आठ. फोन राहिला. उद्या नक्की.

४ सप्टेंबर
मी जागेवर नसताना हेडक्लार्क फॉर्म घेऊन गेला. माझ्या पेन्सिलवर शाई फिरवून आकडा पक्का करून पाठवलासुद्धा. फार कामसू माणूस. ताईला फोन करायचा आहे. कशासाठी ते आठवत नाही.

१९ सप्टेंबर
यादी लागली. शंभराच्या आत मुलं असलेल्या शाळा बंद करून शेजारच्या शाळेत मिसळणार. एकूण नऊ. सातव्या नंबरवर शाळा २७. पट ५७.

तीनदा वाचलं. आधी टायपिस्टवर भडकलो. मग गुडघा आठवला.

ताईचा फोन. आमची एकशे एकवीस मुलं आहेत, खाली सत्तावन्न, वर चौसष्ट, मग वरची गेली कुठे? मी म्हटलं, वरून काहीतरी गोंधळ झालेला दिसतोय, बघतो. हे खोटं नाही. गोंधळ वरचाच आहे.

ताईला हरकत घेता येत नाही, कारण फॉर्मवर तिचीच सही. नियम असा की दुरुस्ती फक्त मोजणाऱ्याने लेखी मागायची, ३० ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे मीच. म्हणजे काळजीचं कारणच नाही! चाळीस दिवस हातात आहेत. आमच्या शिक्षणाधिकारी मॅडमना सांगून टाकायचं, पाच मिनिटांचं काम. आमच्या लिफ्टमध्ये पोस्टरच आहे, चुका लपवू नका. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

२० सप्टेंबर
मॅडमच्या केबिनबाहेर बारापर्यंत थांबलो. आत एका पर्यवेक्षकाची चंपी चालली होती. त्याने दोन मुलं जास्त दाखवली होती. दोन! बाहेर आला तेव्हा रुमालाने कान पुसत होता. मॅडमनी मला विचारलं, तुमचं काय? मी म्हटलं, काही नाही, सहज.

आज त्यांचा मूड नव्हता. समोरच्या माणसाचाही विचार करावा लागतो.

२४ सप्टेंबर
तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं. रेकॉर्ड राहतं. पहिला मसुदा: माझ्याकडून चूक झाली. फारच उघडावाघडा वाटला. दुसरा मसुदा: मोजणीदरम्यान काही विद्यार्थी उंचीवर असल्याने दृष्टिपथात आले नाहीत. हा बरा. बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, मुलं काय झाडावर बसली होती का?

फाडला. बायकोला ऑफिसची भाषा कळत नाही.

ती असंही म्हणाली की ताईने तुला हाताला धरून शाळेत नेलंय, पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीयत, निदान तिला तरी खरं सांग. सांगणार आहेच. आधी प्रश्न सोडवायचा, मग सांगायचं. म्हणजे तिला त्रास नको.

१ ऑक्टोबर
नामी युक्ती. निनावी पत्र. एक जागरूक पालक, या नावाने. शाळा २७ मध्ये वरच्या मजल्यावरची मुलं मोजलीच नाहीत, चौकशी व्हावी. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. लांबच्या पेटीत टाकलं, दोन बस बदलून. चौकशी होईल, मुलं सापडतील, कुणाचंही नाव येणार नाही. यादी लागल्यापासून प्रथमच पोटभर जेवलो.

९ ऑक्टोबर
निनावी पत्र माझ्या टेबलावर आलं. वर शेरा: संबंधितांनी चौकशी करून तीन दिवसांत अहवाल द्यावा. संबंधित मी.

हेडक्लार्क म्हणाला, अक्षर बघा साहेब, यांना आधी शाळेत घातलं पाहिजे.

एका परीने देवच पावला. आता चौकशी माझ्याच हातात. अहवालात स्वच्छ लिहीन, तक्रार खरी आहे. पण मग मोजणी कोणी केली हेही लिहावं लागेल. भाषा जमवतो.

११ ऑक्टोबर
दुपारी हेडक्लार्कने सह्यांचा गठ्ठा आणला. एकतीस कागद. चार वाजता मॅडमकडे जायचे, म्हणून भराभर सह्या केल्या. एकविसाव्याला वाटलं की काहीतरी ओळखीचं वाचलं. गठ्ठा गेल्यावर त्याला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही नका काळजी करू, त्या निनावी पत्राचं उत्तर नेहमीच्या नमुन्यात करून टाकलं. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.

कागद न वाचता सही. ताईने केली तीच चूक. म्हणजे हे आमच्या रक्तातच आहे, एकट्या माझा दोष नाही.

हे लिहिलं आणि लाज वाटली. खोडत नाही. राहू दे.

१५ ऑक्टोबर
शाळा २७ मध्ये पालकसभा. ऑफिसतर्फे कोणाला पाठवायचं? ज्याने मोजणी केली त्याला.

आज सगळ्यांसमोर सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पहिली वाक्यं पाठ केली होती. गेल्या गेल्या ताईने स्वतः उचलून खुर्ची आणली आणि सगळ्यांना म्हणाली, याला बसू द्या, याचा गुडघा दुखतो. तिथेच अर्धा खचलो.

पालक चिडलेले. पलीकडची शाळा सहापदरी रस्त्याच्या पार. तिथे दोन शिफ्ट, आणि जी मुलं आधी नाव घालतील त्यांना सकाळची. एक शिवणकाम करणारी बाई उठली. आवाज चढवला नाही. म्हणाली, माझी मुलगी वरच्या वर्गात बसते, पहिल्या बाकावर, त्या दिवशीही आली होती, तिला कोणी मोजलं होतं का, एवढंच सांगा.

मी उठलो. म्हटलं, आपल्या भावना मी वरिष्ठांना कळवतो.

आणि खाली बसलो. ताई माझ्याकडे बघत होती. रागाने बघत असती तर बरं झालं असतं.

१६ ते २८ ऑक्टोबर
काम फार. रोज लिहायला जमलं नाही. डॉक्टरांना गुडघा दाखवला. ते म्हणाले, काहीही झालेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार होतो, सोडून दिलं. ताईचे तीन फोन आले. एकही घेतला नाही. मीटिंगमध्ये होतो असं सांगेन. तिन्ही वेळा घरी होतो.

२९ ऑक्टोबर
उद्या शेवटची तारीख. सगळे मसुदे फेकले आणि तीनच ओळी लिहिल्या. मी वरच्या मजल्यावर गेलो नाही. चौसष्ट मुलं मोजली नाहीत. चूक माझी आहे, मुख्याध्यापिकांची नाही. सही केली.

दुरुस्तीच्या अर्जाला ताजी मोजणी जोडावी लागते. उद्या सकाळी साडेनऊला २७ मध्ये. गुडघा गेला खड्ड्यात. एकशे एकवीस मुलं मोजून अकराला मॅडमसमोर उभा. नोकरीत ठपका बसेल. बसू दे. उशिरा का होईना, शाळा वाचवणार आहे.

३० ऑक्टोबर, बुधवार
साडेनऊला पोचलो. खालचे वर्ग मोजले. बेचाळीस. मग जिना चढलो.

वर एकोणीस मुलं. दोन वर्ग मिळून. उरलेली बाकं एकावर एक रचून भिंतीला लावलेली. पहिल्या बाकावर कोणी नव्हतं. सकाळची शिफ्ट मिळावी म्हणून लोकांनी नावं काढून नेली, पालकसभेच्या दुसऱ्या दिवसापासून. शिवणकामवाली बाई सगळ्यात शेवटी आली, असं ताई म्हणाली. तिने पंधरा दिवस वाट बघितली. मुलं चाललीयत हे सांगायलाच ताईचे फोन होते.

एकूण एकसष्ट.

पुन्हा मोजली. एकसष्टच.

फॉर्म ताईपुढे ठेवला. या वेळी तिने चष्मा लावून, एकेक ओळ वाचून सही केली. मग म्हणाली, त्या दिवशी वर आला असतास तर तुला उभं राहायला जागा मिळाली नसती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी आपण होऊन सांगेन म्हणून थांबली होती.

अकराला मॅडमकडे गेलो. पत्र, फॉर्म, दोन्ही पुढे ठेवलं. त्यांनी पत्र बाजूला सारलं आणि आकडा बघितला. हसल्या. म्हणाल्या, सत्तावन्नचे एकसष्ट, चार मुलांसाठी कशाला कागद वाढवता, शंभराच्या आतच आहेत. उलट तुमचा अंदाज इतका अचूक निघाला, पुढच्या वर्षी सगळ्या शहराची मोजणी तुमच्याकडेच देते. पत्र परत दिलं. वाचलं नव्हतं.

ते खिशात आहे. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बढती.

बावीस पायऱ्या होत्या. गुडघा अजिबात दुखला नाही.