वर्तमानपत्रात गुंडाळलेला ओबो

रविवार, ४ मार्च
आज आमच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळात जीभ जरा जास्तच सैल सुटली. आमचा नियमच आहे — रेकॉर्डचं कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं, वाजवणाऱ्याचं नाव कळू द्यायचं नाही, ऐकून मग मत द्यायचं. आज पाळी घड्याळवाल्यांची. घड्याळं दुरुस्त करतात, एरवी कोपऱ्यात गप्प. ओबोचा कॉन्चेर्तो आणला होता — सनईसारखं ते पाश्चात्त्य वाद्य पुढे, मागे अख्खा वाद्यवृंद. पहिला भाग संपतो न संपतो तोच मी सुई उचलली! म्हणालो, "पाठांतर चोख आहे, पण या माणसाला सांगायचं काहीच नाही. पुढचं ऐकून कान कशाला खराब करा?" सगळे खो खो हसले. घड्याळवाल्यांनी रेकॉर्ड पुसली, पिशवीत घातली. कुणाची होती ते कुणी विचारलंही नाही.

रविवार, ११ मार्च
घड्याळवाले आले नाहीत.

रविवार, १८ मार्च
आजही नाहीत. शेवटी मंडळातल्या डॉक्टरांनी सांगितलं — "अहो, ती ओबो वाजवणारी त्यांची बायकोच! तरुणपणी तेवढी एकच रेकॉर्ड निघाली बिचारीची." पायाखालची जमीनच सरकली. अरे, मग बोलायचं ना माणसाने! पण कसं बोलणार? नाव माहीत नसताना कुणी चांगलं म्हणावं, एवढंच हवं असणार त्यांना.
घरी हिला सांगितलं. "तुमच्या जिभेला काही हाड आहे का?" म्हणाली. तीस वर्षं म्हणतेय. आज पटलं.

गुरुवार, २२ मार्च
जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात तीच सापडली! दुसरा भाग ऐकला. संथ. व्हायोलिनं हळूच मागे सरतात आणि ओबो एकच सूर धरून ठेवतो — इतका वेळ, की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा. मग तो सूर अलगद खाली उतरतो. डोळे भरून आले. मूर्खा, दोन मिनिटं थांबला असतास तर! तीनदा ऐकलं. उद्या जाऊन माफी मागणार.

शुक्रवार, २३ मार्च
घड्याळवाल्यांनीच दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत खुणेने गप्प केलं. बाई आत पलंगावर, नाकाला ऑक्सिजनची नळी. "हे आमच्या मंडळातले," असं घड्याळवाल्यांनी सांगताच धडपडत उठून बसल्या.
"माझी रेकॉर्ड ऐकून उभं राहून टाळ्या वाजवणारे ते तुम्हीच ना? ह्यांनी सांगितलं मला."
"हो," म्हणालो. "मीच."